एका सूत्रासाठी खोळंबा

कार्तिकातला शेवटचा सोमवार जवळ येऊ लागला म्हणजे बंगळूरच्या बसवनगुडी ह्या जुन्या वस्तीचा नूर पालटतो. येथल्या टेकडीवर एकाच पाषाणातून कोरलेला, सुमारे १५ फूट उंचीचा प्रचंड नंदी बसला आहे. त्या बसवाची गुडी, म्हणजे देऊळ, ह्यावरूनच वस्तीला हे नाव पडले. नव्या पिकाच्या भुईमुगाच्या शेंगा शेतकरी प्रथम ह्या नंदीच्या चरणी वाहतात, आणि त्यानिमित्त 'कडलेकाई परिषे' ही शेंगांची जत्रा भरते. देवळापासून उतारापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांस शेंगांचे ढीग लागतात; मापे खणखणतात; पायांखाली टरफलांचा गालिचा होतो.

ह्या वस्तीचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. १८९८ साली बंगळूर शहरात प्लेगने थैमान घातले, आणि त्यानंतर मोकळ्या, हवेशीर जागी ज्या वसाहती आखण्यात आल्या त्यांपैकी ही एक. परंतु मराठी माणसाचा ह्या शहराशी संबंध त्याहून पुष्कळ जुना. १६३८ च्या विजापुरी मोहिमेनंतर बंगळूर शहाजीराजांकडे आले, आणि त्यांच्यामागोमाग आलेली कित्येक घराणी येथेच रुजली. माझ्या मावसबहिणीचे सासर अशांपैकीच एक. घरातले मराठी कानडीच्या वळणाचे, कानडी मराठीच्या वळणाचे, आणि स्वयंपाकघरात दोन्हींचा सुखाने संसार.

गेल्या कार्तिकात मी ताईकडे चार दिवस राहिले. तिची मुलगी बी.एस्सी.च्या वर्गात आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याने भरलेल्या पेल्यांच्या तोंडांवर तीन कांदे बसवलेले मी पाहिले, आणि त्यांच्या बुडाला पांढरी शुभ्र मुळे फुटलेली. भाची रोज सकाळी मुळांची टोके ब्लेडने कापून एका बाटलीत घालीत असे. "मावशी, ह्या टोकांतच पेशी भराभर विभागतात," ती म्हणाली. "महाविद्यालयात नेऊन रंगवायची, काचेवर चेपायची, की गुणसूत्रं दिसतात. कांद्याची १६."

तिचा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा. तो जन्मला तो प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र अधिक घेऊन; आपणांसर्वांच्या पेशीत ४६ असतात, त्याच्या पेशीत ४७. वैद्यकात ह्या अवस्थेला डाउन सिंड्रोम म्हणतात. मुलगा अतिशय लाघवी आहे. बोलणे थोडे जड, शिकणे सावकाश. परंतु बसगाड्यांचे क्रमांक त्याला मुखोद्गत, आणि बंगळूरच्या कंडक्टरांची नक्कल तर अशी हुबेहूब करतो की रस्त्यावरचा मनुष्य वळून पाहील. गाडी सोडायची असली की येथले कंडक्टर "रैट, रैट" म्हणतात, आणि कोणी उतारू राहिला असेल तर ओरडतात "होल्डान!" इंग्रजी शब्दांचे हे कानडी अवतार आता तेथल्या रस्त्याचेच झाले आहेत.

त्या रात्री निजानीज झाल्यावर ताई माझ्यापाशी येऊन बसली. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने जे विचारले, ते बहुधा पंधरा वर्षे तिच्या मनात घर करून होते.

"तू असल्या विषयांवर लिहितेस म्हणून विचारते. तो पोटात होता तेव्हा जानेवारीत सूर्यग्रहण लागलं होतं. मी विळीवर भाजी चिरली. सासूबाई तेव्हापासून एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मनात ते आहे. माझ्याही मनात आहे. खरंच त्यानं झालं का गं?"

ते ग्रहण खरेच होते: १५ जानेवारी २०१०. दक्षिणेच्या टोकाला ते कंकणाकृती दिसले आणि बंगळुरात खंडग्रास. मुलगा जन्मला सप्टेंबरात. मी तिला त्या रात्री जे थोडक्यात सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी भाचीने कांद्याच्या साहाय्याने जे अधिक चांगले सांगितले, तेच येथे सविस्तर मांडीत आहे. कारण ताईसारख्या माता आपल्याकडे घरोघर आहेत, आणि त्यांना उत्तर देणारा मनुष्य क्वचितच भेटतो.

आपल्या शरीरात पेशींची घडामोड अखंड चालू असते. रक्तातील तांबड्या पेशीच घ्या: अस्थींच्या मगजात त्या दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तयार होतात. पेशी वाढवायची म्हणजे एकीच्या दोन करायच्या, आणि दोन करण्यापूर्वी तिच्यातील गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक लेखाच्या धाग्यांची, एकेक तंतोतंत प्रत तयार करायची. मूळ धागा आणि त्याची प्रत ही जुळी भावंडे काही काळ एकमेकांना चिकटून असतात. मानवी पेशीत अशा ४६ जोड्या म्हणजे ९२ धागे होतात. आता प्रत्येक जोडीतला एक धागा एका कन्येकडे आणि दुसरा दुसरीकडे गेला पाहिजे. ४५ आणि ४७ अशी वाटणी उपयोगाची नाही.

ही वाटणी कशी होते हे प्रथम बारकाईने पाहिले ते वाल्टर फ्लेमिंग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने. सॅलमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून त्याने जे पाहिले, ते १८८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पेशीच्या दोन टोकांपासून अत्यंत सूक्ष्म नलिका निघतात आणि मधोमध फुगीर, टोकांना निमुळती अशी एक आकृती तयार होते. आपल्या चरख्याची चाती सुताने भरली म्हणजे जशी दिसते, तशीच ही. गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीच्या कमरेशी एक चिमटल्यासारखी जागा असते, आणि त्या जागी दोन्ही भावंडांच्या अंगावर एकेक पकड असते. तिला कायनेटोकोअर म्हणतात. एका पकडीत एका टोकाच्या नलिका अडकतात आणि दुसरीत विरुद्ध टोकाच्या. दोन्हींकडून ओढ लागताच जोडी मध्यरेषेवर येऊन उभी राहते. सगळ्या जोड्या अशा रांगेत आल्या की एका क्षणी भावंडे सुटतात आणि आपापल्या टोकाकडे खेचली जातात.

भाचीच्या काचपट्टीवर ही सर्व दृश्ये आहेत. तिने मोबाइलवर काढलेली छायाचित्रे मला दाखविली. शेकडो पेशी निवांत; त्यांत मधूनच एखादी अशी, जिच्यात लाल रंगाच्या आखूड काड्या कमरपट्ट्यासारख्या मध्यभागी जमल्या आहेत; आणि आणखी क्वचित एखादी, जिच्यात दोन्हीकडे निघालेल्या काड्यांचे दोन पंखे दिसतात.

परंतु ह्या दृश्यात एक कोडे दडलेले आहे. नलिका कोणी नेमून दिलेल्या पत्त्यावर जात नाहीत. त्या अंधारात चाचपडणाऱ्या हातांप्रमाणे वाढतात, आखडतात, पुन्हा वाढतात. ज्याच्या हाती जी पकड लागेल ती लागेल. कोणाला लवकर जागा मिळते, कोणी एखादे सूत्र बराच वेळ कोपऱ्यात तिष्ठत राहते. असे असूनही पेशी त्या मागासलेल्या सूत्रासाठी थांबते. पंचेचाळीस जोड्या सज्ज असताना एकीसाठी सारा खोळंबा! पेशीला डोळे नाहीत, मोजदाद करणारा कारकून नाही. मग एक उरले आहे हे तिला कळते कसे?

ह्याचे उत्तर दोन प्रकारे देता येईल. जागेवर बसलेले प्रत्येक सूत्र "मी बसलो" असे कळवीत असेल, आणि अशी सगळी उत्तरे जमली म्हणजे गाडी सुटत असेल. किंवा उलट, न बसलेले प्रत्येक सूत्रच "थांबा" म्हणून ओरडत असेल, आणि सगळे चिडीचूप झाले म्हणजे गाडी सुटत असेल. वरवर पाहता दोन्हींचा परिणाम सारखाच. खरे कोणते, ह्याचा निवाडा १९९५ साली कॉन्ली रीडर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका सुंदर प्रयोगाने झाला.

ऑस्ट्रेलियात पोटोरू नावाचा एक चिमुकला कांगारूवर्गीय प्राणी आहे. त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचपात्रात पसरट वाढतात आणि त्यांत गुणसूत्रे थोडी व ठळक असतात; म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन पाहणाऱ्यांना त्या फार प्रिय. रीडर ह्यांनी आधी अशा पेशींचे घड्याळ लावून निरीक्षण केले होते. शेवटचे सूत्र दोन्हींकडून अडकले की तेथून सुमारे २० ते २५ मिनिटांनी विभाजन पुढे जाई. आणि ते अडकले नाही तर पेशी तासन्‌तास थांबे. मग त्यांनी अशी पेशी घेतली की जिच्यात एकच सूत्र मागे राहिले आहे: एक पकड अडकलेली, दुसरी मोकळी. ती मोकळी पकड त्यांनी लेसर किरणाने जाळून टाकली. आता हे सूत्र "मी बसलो" असे कधीच कळवू शकणार नव्हते. पहिले उत्तर खरे असते, तर पेशी कायमची अडकून पडली असती. परंतु घडले उलटेच. थोड्याच वेळात पेशी पुढे गेली. ओरडणाराच नाहीसा झाला होता. मागे काही बाकी आहे हे सांगायला कोणी उरले नव्हते.

भाचीने हे आपल्या भावाला ज्या शब्दांत सांगितले, त्याहून चांगले मला सुचत नाही. "कंडक्टर 'रैट' म्हणत नाही रे. तो गप्पच असतो. जो चढला नाही तोच 'होल्डान' ओरडतो. कोणीच ओरडत नाही, म्हणजे रैट." मुलाने ह्यावर थोडा विचार केला आणि कंडक्टरच गप्प असेल तर तिकीट कोण देतो, असे विचारले. प्रश्न योग्य होता. तिकिटाकडे आपण येऊच.

त्याआधी एक खुलासा. पेशी गुणसूत्रांची 'रांग' तपासते असे आपण सहज म्हणून जातो, पुस्तकेही तसे लिहितात. परंतु ते पूर्णपणे खरे नव्हे. लेसरच्या त्या प्रयोगातील सूत्र मध्यरेषेवर आलेच नव्हते, ते एका टोकाशीच पडून होते, तरी पेशी पुढे गेली. तिला रांग दिसत नाही. पकड मोकळी आहे की अडकलेली, एवढेच तिला कळते.

आणि ताण? तोही जाणवतो. नाकतोड्यांच्या व प्रार्थनाकीटकांच्या पेशींवर ब्रूस निकलस ह्यांनी जे काम केले, ते हस्तकौशल्याचा नमुना म्हणून कोणालाही सांगावे असे आहे. केसाहून बारीक काचेच्या सुईने ते जिवंत पेशीतील एकेक गुणसूत्र ओढीत. १९६९ साली त्यांनी दाखवून दिले की ताण नसलेली जोडणी सैल असते व सुटते, आणि सुईने कृत्रिम ताण दिला की तीच जोडणी टिकते. पुढे १९९५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने प्रार्थनाकीटकाच्या अशा पेशी घेतल्या, की ज्यांत एक सूत्र जोडीदारावाचून एकाच बाजूला लटकलेले असल्यामुळे विभाजन तासन्‌तास रखडे. सुईने त्या सूत्रावर ताण देताच पेशीचे समाधान झाले आणि ती विभागली! रस्सीखेच खेळणाऱ्यांना हे लगेच उमजेल. दोरी ताठ असली म्हणजेच पलीकडे कोणी तरी आहे.

आता "थांबा" ही हाक द्यायची कशी? त्याचा शोध लागला पावाच्या यीस्टमध्ये. १९८९ साली लेलँड हार्टवेल व टेड वाइनर्ट ह्यांनी पेशीच्या जीवनक्रमात तपासणीची ठाणी असतात ही कल्पना स्पष्टपणे मांडली. हार्टवेल ह्यांना २००१ साली टिम हंट व पॉल नर्स ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती योजली. यीस्टला बेनोमिल नावाचे बुरशीनाशक अल्प प्रमाणात दिले की त्याच्या नलिका मोडतात. धडधाकट यीस्ट अशा वेळी वाट पाहते; नलिका पुन्हा उभ्या राहिल्या की मग विभागते, आणि जगते. परंतु काही बिघडलेल्या वाणांना थांबताच येत नाही. नलिका नसतानाही ती विभागायला निघतात, गुणसूत्रांची भलतीच वाटणी होते, आणि मरतात. मात्रा तीच, मरण आले ते उतावळेपणाने. ह्या वाणांत जी जनुके बिघडली होती, त्यांना एका गटाने मॅड आणि दुसऱ्याने बब अशी नावे दिली. तीच जनुके, थोड्याफार फरकाने, कांद्यात आहेत, उंदरात आहेत, आपल्यात आहेत. उंदराच्या गर्भातून मॅड-२ संपूर्ण काढून टाकले तर गर्भ काही दिवसांतच नष्ट होतो.

बेनोमिलच्या कुळातली औषधे आपल्या परिचयाची आहेत. द्राक्षबागांतून फवारले जाणारे कार्बेन्डॅझिम त्याच कुळातले. आणि शाळाशाळांतून मुलांना दिली जाणारी जंताची अल्बेंडॅझोलची गोळीही. ती जंताच्या पेशींतील नलिकाच मोडते.

आणि आता तिकीट. मोकळ्या पकडीवर मॅड-२ हे प्रथिन येऊन बसते, तेथे त्याचा आकार बदलतो, आणि बदललेल्या आकारात ते सुटून पेशीभर फिरते. वाटेत ते आणखी दोघातिघांना धरून एक टोळी करते. ही टोळी विभाजनाची किल्ली ज्या यंत्रणेपाशी असते, तिलाच अडवून धरते. जुळ्या भावंडांना एकत्र बांधणारी जी कडी असते, ती कापणारी कात्री पेशीत आधीपासूनच तयार असते. परंतु तिच्यावर एक झाकण बसविलेले असते. टोळी जोपर्यंत आहे तोपर्यंत झाकण निघत नाही. शेवटची पकड अडकली की नवी टोळी तयार होणे थांबते, जुनी विरघळते, यंत्रणा मोकळी होते, झाकणाचा नाश करते, आणि कात्री एकाच वेळी सगळ्या कड्या कापते. म्हणूनच सगळी भावंडे जणू एका इशाऱ्यावर सुटतात.

बंगळुरातही ह्या शोधात हातभार लागला आहे. शहराच्या उत्तरेला जक्कूर येथे १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथे कौस्तुभ सान्याल व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी माणसाला रोग देणाऱ्या बुरश्यांमध्ये ह्या पकडी कोठे व कशा बांधल्या जातात, ह्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. आणि आपल्या सह्याद्रीतले भेकर! ते भुंकणारे हरिण ह्या शास्त्रात जगप्रसिद्ध आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. मादीच्या पेशीत गुणसूत्रे फक्त ६ आणि नराच्या ७. सस्तन प्राण्यांत इतकी कमी कोणाचीच नाहीत. सूत्रे थोडी म्हणून प्रचंड, आणि त्यांच्या पकडीही प्रचंड. ह्या भेकराच्या पेशींवरूनच २०१८ साली असे दिसून आले की मोठ्या पकडीला चुकीच्या नलिका अडकण्याचा संभव अधिक असतो.

ही 'चुकीची' अडकण म्हणजेच ह्या पहाऱ्यातली फट होय. एकाच पकडीत दोन्ही टोकांच्या नलिका शिरल्या, तर पकड मोकळी नसते, ताणही असतो. मग ओरडायचे कोणी? पहारा शांत राहतो आणि सूत्र मध्येच रेंगाळत पडते. अशा जोडण्या सोडविण्यासाठी अरोरा-बी नावाचे दुसरे प्रथिन असते. परंतु वेळ थोडा असतो आणि चूक कधी तरी सुटतेच. दुसरी फट म्हणजे थकवा. नलिका मुळी उभ्याच राहिल्या नाहीत, तर पेशी तासन्‌तास वाट पाहते आणि शेवटी तशीच निसटते किंवा मरून जाते.

ह्या शेवटच्या गोष्टीवर एक सबंध उपचारपद्धती उभी आहे. आपल्या तुळशीवृंदावनाशेजारी बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीत नलिका बांधू न देणारी द्रव्ये असतात. मधुमेहावर तिचा काढा देतात असे ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर ह्यांनी तिची तपासणी आरंभिली. मधुमेह बाजूलाच राहिला, परंतु १९५८ मध्ये विन्ब्लास्टिन हाती आले. तिच्यातलेच व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. कर्कपेशी विभागायला निघते, नलिका नाहीत म्हणून पहारा तिला अडवतो, आणि अडून अडून ती मरते. कळलावीच्या कंदातील कोल्चिसिनचीही करणी हीच. मात्र ते जहाल विष आहे, आणि कळलावी वा सदाफुली घरी काढा करून घेण्याची वस्तू नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे.

कर्करोगाचा विषय निघाला म्हणून एका मराठी विदुषीचे स्मरण होते. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या. १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले ते सीताफळ-रामफळाच्या कुळातील गुणसूत्रांच्या अभ्यासावर. सीताफळाच्या पेशीत ती १४ असतात. पुढे मुंबईला डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाच्या संशोधनाकडे वळल्या. बाल्टिमोरला जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत, जेथे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ह्या स्त्रीच्या अर्बुदातून हेला पेशींचा अमर वंश सुरू झाला होता, त्यांनी पेशी काचपात्रात वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले, आणि परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. त्या हेला पेशींत गुणसूत्रे ४६ नव्हेत. सत्तरांच्या वरच असतात. वाटणीतला गोंधळ आणि कर्करोग ह्यांचे काही नाते असावे, असा तर्क जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी ह्याने १९१४ सालीच केला होता. त्यांतले कारण कोणते व परिणाम कोणता, ह्यावर आजही वाद चालतो.

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६, हे नक्की ठरले १९५६ साली; तोवर सगळे ४८ मानीत. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिस येथे जेरोम लेज्यून, मार्त गोतिए व रेमाँ त्युर्पाँ ह्यांनी दाखविले की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत एक छोटे गुणसूत्र अधिक असते. त्यालाच आज आपण २१ वे म्हणतो. बहुसंख्य मुलांत ते जास्तीचे सूत्र मातेच्या बीजपेशीतून येते, काहींत पित्याच्या.

ते का, हे समजण्यासाठी बीजपेशीचे विलक्षण आयुष्य ध्यानी घ्यावे लागते. मुलगी जन्मण्यापूर्वी, ती स्वतः आपल्या आईच्या उदरात असतानाच, तिच्या बीजपेशी विभाजनाला प्रारंभ करतात आणि मध्येच थबकतात. सूत्रांच्या जोड्या कड्यांनी बांधलेल्या. आणि पेशी थांबून राहते: पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे, चाळीस वर्षे. ज्या महिन्यात ती बीजपेशी पक्व होते, त्याच महिन्यात तिचे विभाजन पुढे सरकते. इतक्या वर्षांत त्या कड्या झिजतात, आणि त्या नव्याने घातल्या जात नाहीत असे उंदरांवरील प्रयोगांवरून दिसते. शिवाय मानवी बीजपेशीला आपली चाती बांधायला सुमारे १६ तास लागतात, आणि ती बराच वेळ डळमळीत असते. पहारा तेथेही असतो, परंतु शरीरातल्या इतर पेशींपेक्षा दुबळा. बीजपेशी केवढी मोठी: मिलिमीटरचा दहावा भाग! लहानशा खोलीत एकाने हाक मारली तर सर्वांना ऐकू जाते. मोठ्या सभामंडपात तीच हाक विरून जाते. एकदोन सूत्रे मागे राहूनही बीजपेशी पुढे जाऊ शकते, ती बहुधा ह्यामुळेच.

म्हणून मातेचे वय वाढते तसा हा संभव वाढतो: विशीच्या प्रारंभी सुमारे १,५०० जन्मांत एक, पस्तिशीला सुमारे ३५० त एक, चाळिशीला सुमारे १०० त एक. परंतु तरुण मातांना मुले अधिक होतात, त्यामुळे अशी पुष्कळ बाळे तरुण मातांच्याच पोटी येतात. ह्या चुका निसर्गात मुळीच विरळ नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत जे गर्भपात होतात, त्यांतील सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते.

ताईचे वय त्या वेळी ३८ होते. आणि तारखांचा हिशेब तिने स्वतःच केला. मुलगा सप्टेंबरात जन्मला, म्हणजे गर्भ राहिला तो डिसेंबरात. त्या बीजपेशीची वाटणी झाली तीही तेव्हाच, आणि तिची कडी झिजत आली त्यापूर्वीच्या कित्येक वर्षांत. १५ जानेवारीला चंद्र सूर्याआड येऊ लागला, तेव्हा गर्भाच्या पेशीपेशीत ४७ सूत्रे केव्हाच होती. विळी ही त्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीने छायाचित्रे घेऊन आजीसमोर बैठक मारली. ऐंशी वर्षांच्या अज्जींनी चष्मा पुसून पुसून पाहिले. कांद्याच्या एका पेशीत सगळ्या काड्या मध्यभागी होत्या आणि एकच काडी दूर कोपऱ्यात.

"ही का बाहेर?"

"ती यायची होती, अज्जी. बाकीच्या तिच्यासाठी थांबल्यात."

"हौदा?" अज्जी म्हणाल्या, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग सुनेकडे न पाहताच म्हणाल्या, "ग्रहणात मीसुद्धा भाजी चिरली होती. दुसऱ्याच्या वेळेला. कोणाला सांगितलं नव्हतं." त्यांचा तो दुसरा मुलगा, म्हणजे ताईचा नवरा, आत वर्तमानपत्र वाचत होता.

ताई काही बोलली नाही. उठून तिने सगळ्यांसाठी कॉफी केली.

अशा मुलांच्या आईवडिलांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे अवश्य वाटते. सुमारे निम्म्या बालकांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. म्हणून जन्मानंतर लवकरच हृदयाची तपासणी करून घ्यावी. ऐकू येणे, दृष्टी आणि कंठग्रंथीचे कार्य ह्यांची तपासणी तर नियमित आणि मोठेपणीही करावी. कमी ऐकू येत असेल तर बोलणे मागे पडते, आणि घरच्यांना ते 'मंदपणा'चे लक्षण वाटते. वाचा शिकविणाऱ्या तज्ज्ञाकडे मूल जितके लवकर जाईल तितके बरे. आणि पुढच्या अपत्याचा विचार असेल, तर आधी मुलाच्या गुणसूत्रांची तपासणी करून आनुवंशिकीच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. कारण थोड्या कुटुंबांत जास्तीचा अंश दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला जोडलेला असतो, आणि तेथे हिशेब निराळा होतो.

भाच्याची कानांची तपासणी दोन वर्षे राहून गेली होती. ताईने जत्रेनंतरच्या मंगळवारची वेळ घेतली. सोमवारी आम्ही सर्व जण शेंगा घ्यायला गेलो. रस्त्यावर इतकी गर्दी की बसगाड्या पलीकडच्या रस्त्याने वळविल्या होत्या, आणि त्यामुळे मुलगा फार नाराज झाला होता. अज्जींनी त्याला अर्धा शेर भाजलेल्या शेंगा घेऊन दिल्या. त्या त्याने घरी येईपर्यंत संपविल्या, आणि टरफले मात्र जपून पिशवीत आणली.